घरच्या सर्व्हरला बाहेरून कसे गाठावे: स्थिर आयपी, टनेल की व्हीपीएन?

खारघरहून आलेल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. घरात एका मिनी पीसीवर लिनक्स आणि डॉकर (प्रत्येक सेवा कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) आहे. त्यावर फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, चित्रपटांसाठी जेलीफिन, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन आणि दिवे-पंख्यांसाठी होम असिस्टंट चालते. हे सर्व ऐरोलीच्या कार्यालयातून आणि लोकलमध्ये फोनवरून वापरता यावे, शिवाय नौपाड्यात राहणाऱ्या आई-वडिलांनाही नातवंडांचे फोटो पाहता यावेत, अशी प्रश्नकर्त्याची इच्छा आहे. त्यासाठी त्यांनी राउटरवर ४४३ (वेबसाठी) आणि २२ (एसएसएच, म्हणजे दुरून आज्ञा देण्यासाठी) हे पोर्ट फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्यांची ही दारे सर्व्हरकडे वळवली, डकडीएनएस या नाव देणाऱ्या सेवेवर नाव घेतले, तरीही बाहेरून काहीच उघडत नाही. इंटरनेट देणारा स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घ्यायला सांगतो आणि त्याचे वेगळे पैसे मागतो. आता स्थिर आयपी, क्लाउडफ्लेअरचा टनेल (त्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत येणारी वाट) आणि व्हीपीएन (फक्त ओळखीच्या यंत्रांचे कूटबद्ध खासगी नेटवर्क) यांपैकी सुरक्षित काय, असे त्यांनी विचारले आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान कार्यालयांची आणि दवाखान्यांची नेटवर्क उभारून देणे व सांभाळणे हे माझे काम आहे, आणि घरीही मी असाच सर्व्हर चालवतो. माझ्या मते या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. पहिला, बाहेरून सर्व्हरपर्यंत पोहोचता का येत नाही. दुसरा, तिथवर कोणाकोणाला पोहोचू द्यायचे. इंटरनेट देणाऱ्याने सुचवलेला उपाय पहिल्या प्रश्नाचा आहे. दुसऱ्याचे उत्तर त्यात मुळीच नाही, आणि सुरक्षिततेचा संबंध दुसऱ्याशीच आहे.

पहिला प्रश्न चटकन तपासता येतो. राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट या शीर्षकाखाली जो आयपी पत्ता दिसतो तो पाहा, आणि ‘माझा आयपी काय’ असे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला आहे आणि पत्त्यांचे भाषांतर (नॅट) इंटरनेट देणाऱ्याच्या यंत्रावर होते. १००.६४ पासूनचा हा पट्टा याच कामासाठी २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीवर तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून आलेला संदेश तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. आपल्याकडील सोसायट्यांमध्ये केबलवाल्यांकडून मिळणाऱ्या बहुतेक जोडण्या मला अशाच आढळतात. म्हणून स्थिर आयपीचे पैसे आत्ताच भरू नका, असे मी सांगेन. पुढे सुचवलेल्या मार्गात त्याची गरज लागत नाही, आणि तो घेतल्याने सध्या अपघातानेच बंद राहिलेले तुमचे दोन्ही पोर्ट सर्व जगासाठी उघडे होतील.

‘सर्व जगासाठी’ हे शब्द मी शब्दशः वापरत आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले. एका साध्या संगणकावरून, एक गिगाबिटच्या जोडणीवर, संपूर्ण आयपीव्ही४ अवकाशात एखादा पोर्ट कुठे उघडा आहे हे ४५ मिनिटांच्या आत पाहता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आज असे शोध अहोरात्र चालू असतात आणि शोडानसारख्या सेवा त्यांचे निकाल शोधण्याजोगे करून ठेवतात. त्यामुळे ‘माझ्या घरच्या सर्व्हरचा पत्ता कोणाला कळणार’ या विचारात तथ्य उरलेले नाही. नावाचेही तसेच आहे. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून तुम्ही एखाद्या नावाचे एचटीटीपीएसचे (सुरक्षित जोडणीचे) प्रमाणपत्र घेतले की ते नाव सार्वजनिक नोंदवह्यांमध्ये जाते आणि कोणीही ते वाचू शकतो. ‘व्हॉल्ट’ किंवा ‘फोटो’ असे शब्द असलेले उपनाव घेतले असेल तर आत काय आहे तेही तुम्हीच सांगितलेले असते.

यावर अनेक जण म्हणतात की पासवर्ड लांब ठेवला आहे, दुहेरी पडताळणीही आहे, मग काय बिघडेल? पासवर्ड तपासणारे पान हाही एक प्रोग्रॅमच आहे, आणि दोष त्या प्रोग्रॅममध्ये किंवा त्याच्या शेजारच्या एखाद्या भागात असू शकतो. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटवर उघड्या असलेल्या साठवण यंत्रांतील फायली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिप संग्रहांत बंद केल्या. त्यासाठी वापरलेला दोष बॅकअप घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये होता. त्या अ‍ॅपमध्ये प्रवेशाची ओळख आधीपासूनच कोरलेली होती. मालकाने स्वतःचा पासवर्ड किती विचारपूर्वक निवडला, याला तिथे काहीच महत्त्व उरले नाही. पुढे जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने याच प्रकारच्या यंत्रांना गाठले. ज्यांची यंत्रे घरच्या नेटवर्कच्या आतच होती, बाहेरून दिसत नव्हती, त्यांच्यापर्यंत हे हल्ले या मार्गाने पोहोचू शकले नाहीत. यावरून मी माझ्या कामात एक नियम पाळतो: ज्याला आत यायचे नाही त्याला लॉगिनचे पानसुद्धा दिसता कामा नये.

आता कोणता मार्ग घ्यावा हे काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुमच्याखेरीज कोणाला ठाऊक नाहीत. वापरणारे सर्व घरचेच आहेत की मित्रांना, सोसायटीच्या समितीला अधूनमधून लिंक पाठवावी लागते? आई-वडिलांच्या फोनवर एक अ‍ॅप बसवून देणे शक्य आहे का? ते फोटो फोनवर पाहणार की टीव्हीवर? कार्यालयाचा लॅपटॉप वापरणार असाल तर त्यावर व्हीपीएन बसवण्याची परवानगी आहे का? बहुतेक कंपन्यांमध्ये ती नसते, आणि अशा वेळी ते काम स्वतःच्या फोनवर करावे. कंपनीच्या यंत्रावर आडमार्ग काढू नये.

तुमच्या प्रश्नावरून वापरणारे सर्व घरचेच दिसतात, म्हणून माझी शिफारस स्पष्ट आहे: राउटरवरचे दोन्ही पोर्ट बंद करा आणि सर्व सेवा वायरगार्डवर आधारित व्हीपीएनच्या आत ठेवा. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.६ पासून कर्नलचाच भाग आहे आणि त्याचा मूळ कोड सुमारे ४,००० ओळींचा, म्हणजे तपासणाऱ्याला खरोखर वाचून काढता येईल इतका आहे. मला त्याचा सर्वांत मोलाचा वाटणारा गुण म्हणजे मौन. ओळखीच्या किल्लीने सिद्ध न झालेल्या संदेशाला तो नकारसुद्धा कळवत नाही, त्यामुळे शोध घेणाऱ्याला तिथे काही ऐकत आहे हेच कळत नाही. पासवर्डचे पान नाही, त्यामुळे ते ठोठावत बसण्याचा प्रश्नही नाही.

सीजीनॅटच्या मागून वायरगार्ड चालवण्याचे तीन मार्ग आहेत. सर्वांत सोपा मार्ग टेलस्केल या वायरगार्डवर उभ्या असलेल्या तयार सेवेचा. तो किल्ल्यांची देवाणघेवाण स्वतः करतो, दोन्ही बाजूंच्या नॅटमधून थेट वाट काढण्याचा प्रयत्न करतो, आणि ती न मिळाल्यास आपल्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत मजकूर नेतो; तो मजकूर तेव्हाही दोन टोकांदरम्यान कूटबद्धच असतो. दुसरा मार्ग म्हणजे मुंबई विभागात एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर वायरगार्ड बसवणे आणि घरच्या सर्व्हरने त्याच्याशी आतून बाहेर जोडणी धरून ठेवणे. यात जोडणी टिकवणारा संदेश २५ सेकंदांना एकदा पाठवण्याची सेटिंग लावावी लागते, नाहीतर मधले नॅट ती वाट विसरते. तिसरा मार्ग आयपीव्ही६ चा, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा. आयपीव्ही४ सीजीनॅटमागे असले तरी अनेक जोडण्यांवर खरा आयपीव्ही६ पत्ता मिळतो आणि फोनच्या नेटवर्कवरही तो सहसा असतो; मात्र कार्यालयांच्या वाय-फायवर तो बहुधा नसतो, म्हणून मी केवळ त्याच्या भरवशावर राहत नाही. तुमच्यासाठी पहिला मार्ग योग्य वाटतो. किल्ल्यांचा कारभार बाहेरच्या कंपनीकडे असावा हे ज्यांना पटत नाही, त्यांना हेडस्केल हा स्वतः चालवण्याचा पर्याय आहे, पण त्यासाठी सार्वजनिक पत्त्यावरचा आणखी एक सर्व्हर सांभाळावा लागतो. नवशिक्याने सुरुवात तिथून करू नये.

आई-वडिलांकडे टीव्हीचा प्रश्न येईल. अँड्रॉइड टीव्ही आणि अ‍ॅपल टीव्हीवर टेलस्केलचे अ‍ॅप चालते. इतर टीव्हींसाठी त्यांच्या घरी एखादा जुना रास्पबेरी पाय ठेवून त्यालाच दुवा करता येतो. त्याआधी एक पाहावे. दोन्ही घरांतील राउटर १९२.१६८.१ याच पट्ट्यातील पत्ते वाटत असतील तर मार्गांचा गोंधळ होतो, आणि कार्यालयांतही अनेकदा हाच पट्टा असतो. तुमच्या घरचा पट्टा बदलून १९२.१६८.५७ सारखा काहीतरी अनवट ठेवा. हे काम आज दहा मिनिटांचे आहे. वीस उपकरणे जोडल्यावर त्याला एक रविवार लागतो.

क्लाउडफ्लेअरच्या टनेलबद्दल. तो वाईट नाही. घरून बाहेर जाणाऱ्या जोडणीवर चालत असल्यामुळे सीजीनॅट आडवे येत नाही आणि पोर्टही उघडावा लागत नाही. मात्र त्याने तुमची सेवा एका सार्वजनिक नावावर उभी राहते आणि पुढे वेगळी पडताळणी लावली नाही तर लॉगिनचे पान पुन्हा सर्वांसमोर येते. अशी पडताळणी लावली की अनेक मोबाइल अ‍ॅप ते मधले पान ओलांडू शकत नाहीत. शिवाय एचटीटीपीएसचे कूटबंधन क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरवर उलगडते, म्हणजे मजकूर तिथे वाचता येण्याजोग्या रूपात येतो. घरचे फोटो आणि कागदपत्रे स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्यामागचा हेतू पाहता हे तुम्हाला चालणार आहे का, ते ठरवावे लागेल. आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. मोफत योजनेत एका विनंतीतून १०० एमबीपेक्षा मोठी फाइल वर चढत नाही आणि इमिचचे अ‍ॅप व्हिडिओ अखंड पाठवते, त्यामुळे लग्नाचे किंवा वाढदिवसाचे मोठे व्हिडिओ वर जात नाहीत आणि कारण कळत नाही. नेक्स्टक्लाउडवरून बाहेरच्यांना लिंक पाठवण्याची खरीच गरज असेल तर तेवढ्या एकाच सेवेसाठी मी टनेल वापरेन. बाकीच्या सेवा व्हीपीएनच्या आतच.

व्हॉल्टवॉर्डन तर कोणत्याही परिस्थितीत सार्वजनिक करू नका. व्हॉल्टवॉर्डनसोबत वापरली जाणारी बिटवॉर्डनची अ‍ॅप पासवर्डच्या तिजोरीची कूटबद्ध प्रत फोनवरच ठेवतात, त्यामुळे सर्व्हर दिसत नसतानाही जतन केलेले पासवर्ड वाचता येतात. नवीन पासवर्ड जोडण्यापुरतीच सर्व्हरची गरज लागते आणि ते घरी पोहोचल्यावर किंवा व्हीपीएन चालू करून करता येते. व्हॉल्टवॉर्डनच्या अ‍ॅडमिन पानाचा टोकन (प्रवेशाचा गुप्त शब्द) ठेवला असेल तर काढून टाका. टोकन नसेल तर ते पान बंदच राहते.

सर्व्हरच्या आत एक जागा अशी आहे जिथे जाणकारही फसतात. उबुंटू या लिनक्सवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करून सर्व पोर्ट बंद केले की माणूस निश्चिंत होतो, पण डॉकर प्रकाशित केलेल्या पोर्टसाठी आयपीटेबल्स या लिनक्सच्या नियमयादीत स्वतःचे नियम लिहितो आणि ते यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात. म्हणून डॉकरच्या सेटिंग्जच्या कंपोझ फाइलमध्ये नुसता ‘८०९६:८०९६’ असा पोर्ट लिहू नये, त्याच्याआधी १२७.०.०.१ लिहून तो यंत्रापुरताच मर्यादित करावा आणि पुढे कॅडीसारखा रिव्हर्स प्रॉक्सी (विनंती योग्य सेवेकडे पोहोचवणारा मध्यस्थ) ठेवावा. डेटाबेसच्या कंटेनरचा पोर्ट तर प्रकाशित करण्याचे कारणच नसते. एसएसएचसाठी एड२५५१९ प्रकारची किल्ली वापरा आणि पासवर्डने प्रवेश बंद करा, मग सेवा व्हीपीएनच्या आत असली तरीही. राउटरवरील यूपीएनपी बंद करा. ते चालू असेल तर घरातील कोणतेही उपकरण, अगदी स्वस्तातला कॅमेरासुद्धा, तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू शकतो.

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते त्याकडे येतो. व्हीपीएन लावल्यावर इंटरनेटवरचा अनोळखी माणूस बाहेर राहतो आणि धोका तुमच्या खिशातील फोनवर येतो. ठाणे स्थानकात गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढताना फोन जाणे ही आपल्याकडे कल्पनेतील गोष्ट नाही. त्या फोनवर व्हीपीएन चालू असेल आणि पडद्याचे कुलूप चार आकडी असेल, तर चोराच्या हातात तुमच्या घराच्या नेटवर्कची किल्ली गेलेली असते. म्हणून पडद्याचे कुलूप लांब ठेवा. फोन गेल्यास दुसऱ्या कोणत्या यंत्रावरून टेलस्केलच्या कारभाराच्या पानावर जाऊन तो फोन यादीतून काढायचा, हे आजच एकदा करून पाहा, आणि ते पत्नीला किंवा पतीलाही दाखवून ठेवा. ते पान तुमच्या गुगल किंवा तत्सम खात्याने उघडते, म्हणजे ते खाते हीच आता मुख्य किल्ली झाली. त्याची दुहेरी पडताळणी केवळ एसएमएसवर असेल तर फोनबरोबर सिमही गेलेले असते आणि ओटीपी चोराकडे येतो, तुमच्याकडे नाही. त्या खात्याला पासकी किंवा वेगळी सुरक्षा किल्ली जोडा आणि पुनर्प्राप्तीचे कोड कागदावर छापून घरच्या कपाटात, महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा. ते कोड फक्त व्हॉल्टवॉर्डनमध्ये ठेवले तर हवे असतील तेव्हा नेमके हाती नसतील.

याच संदर्भात दोन सेटिंग्ज आहेत. टेलस्केलमध्ये यंत्राच्या किल्लीची मुदत मुळात १८० दिवसांची असते. फोनसाठी ती तशीच असू द्या, पण घरच्या सर्व्हरसाठी बंद करा. नाहीतर तुम्ही गावी असताना सर्व्हर व्हीपीएनमधून बाहेर पडेल आणि पुन्हा लॉगिन करायला खारघरला कोणी नसेल. दुसरी सेटिंग प्रवेशनियमांची आहे. सुरुवातीला सर्व उपकरणांना एकमेकांपर्यंत पोहोचता येते. आई-वडिलांच्या फोनला इमिच आणि जेलीफिनपुरतीच वाट ठेवा. यात त्यांच्यावर अविश्वास नाही. वीजबिल थकल्याचा खोटा संदेश पाठवून एखादे अ‍ॅप बसवायला लावणारे लोक वडीलधाऱ्यांनाच जास्त गाठतात, आणि तसे घडलेच तर नुकसान फोटो पाहण्यापुरत्या वाटेवर थांबावे, एवढाच हेतू आहे.

अद्यतनांबद्दल आळस परवडत नाही. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावर हल्लेखोर पोहोचले ते प्लेक्स या चित्रपटांच्या सर्व्हरच्या जुन्या आवृत्तीतील दोषातून. त्या दोषाची दुरुस्ती मे २०२० मध्येच उपलब्ध झाली होती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसू द्या. कंटेनर मात्र मी आपोआप बदलू देत नाही. महिन्यातून एक वेळ ठरवून, बदलांची नोंद वाचून आणि बॅकअप घेऊन हाताने बदलतो. त्या बॅकअपची एक प्रत अशा डिस्कवर असावी जी एरवी सर्व्हरला जोडलेली नसते. जोडलेली डिस्क सर्व्हरबरोबरच कुलूपबंद होते.

पावसाळ्यात महावितरणचा पुरवठा गेला की तुमचा मार्ग बंद पडतो, म्हणून यूपीएसवर सर्व्हरबरोबर राउटर आणि फायबरचा ओएनटीही ठेवा, आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सेटिंग लावा. कायद्याची शंकाही अनेकांना असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांतील ग्राहकांची माहिती ५ वर्षे ठेवण्याची अट व्हीपीएन सेवा इतरांना पुरवणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या घरापर्यंत पोहोचण्यासाठी केलेली ही खासगी व्यवस्था तशी सेवा नव्हे.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद, मग व्हीपीएन, मग कंटेनरचे पोर्ट आवळणे, आणि त्यानंतरच आई-वडिलांचे फोन. प्रत्येक टप्प्यानंतर बाहेरून तपासा. घरच्या वाय-फायवरून केलेली तपासणी काहीच सिद्ध करत नाही. फोनचे वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावरून आधी व्हीपीएन बंद ठेवून तुमचे नाव आणि पत्ता उघडून पाहा; काहीच उघडता कामा नये. मग व्हीपीएन चालू करून तेच पाहा. सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता असेल तर त्यावर एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारे साधन) वेगळे चालवा, कारण आयपीव्ही६ मध्ये नॅटचा आडपडदा नसतो आणि सर्व भार राउटरच्या फायरवॉलवर येतो. इंटरनेट देणाऱ्याचा माणूस कधी ओएनटी किंवा राउटर बदलून गेला, तर त्याच संध्याकाळी ही तपासणी पुन्हा करा. नवे यंत्र कारखान्यातील सेटिंग्ज घेऊन येते आणि त्यात यूपीएनपी पुन्हा चालू, तर आयपीव्ही६ ची फायरवॉल बंद असू शकते.